डावीकडची झीज

दत्तात्रेय मास्तरांच्या फियाटचं स्टेअरिंग उघडलं तेव्हा भागोजी गुरवाला आधी हसूच आलं. तीस वर्षं मिरजोळ्याच्या एमआयडीसीत गॅरेज चालवलेला माणूस तो. गाडी कोण चालवतो आणि कशी चालवतो, हे झिजलेल्या लोखंडावरून सांगायची त्याला खोड होती. क्लच जाळणारा माणूस घरातही असाच उगाच तापत असणार, असली भाकितंही तो करायचा. लोक ती मुकाट ऐकून घ्यायचे, कारण तोवर गाडी त्याच्या ताब्यात असायची.

स्टेअरिंगच्या दांड्याखाली एक पेच असतो आणि त्याची झीज मधोमध होते. गाडी सरळ जास्त जाते आणि वळते थोडी, त्यामुळे ते साहजिकच. मास्तरांच्या गाडीत मधला भाग धडधाकट होता आणि डावीकडचं अगदी शेवटचं टोक खाऊन गेलं होतं. चाक डावीकडे पुरतं पिळल्याशिवाय ते टोक वापरात येतच नाही. इंडिकेटरच्या दांडीचीही तीच गत. डावीकडची खाच गुळगुळीत झालेली, उजवीकडची जवळजवळ नवी.

"मास्तर रोज डावीकडं कुठं वळायचे वो?" त्याने सलिलला विचारलं.

सलिल मास्तरांचा एकुलता एक मुलगा, ठाण्याला राहणारा. मास्तर जाऊन सात महिने झाले होते. ते अंथरुणाला खिळले तेव्हाच गाडीचं स्टेअरिंगही गेलं; तेव्हापासून ती मालगुंडला घराशेजारी झापाखाली उभी होती, आणि आठवड्याची रजा काढून आलेल्या सलिलने ती टेंपोत चढवून इथे आणली होती. रविवारी तिच्यातूनच तो ठाण्याला परतणार होता.

"कुठे वळणार? घर आणि शाळा," तो म्हणाला. "माझ्या लग्नाला आले नाहीत, ऋजुताच्या बारशाला नाहीत. सतरा वर्षांची झाली ती, आजोबांनी तिचं घर पाहिलं नाही. मालगुंड सोडून एक रात्र कुठे राहिले नाहीत. आई एकटी यायची आणि परत जायची."

हे बोलताना त्याचा आवाज कोरडा होता, पण हात गाडीच्या टपावरून हलत नव्हता. भागोजी परत स्टेअरिंगकडे वळला. बापाचा राग आला तरी बापाची गाडी हवी असते, हे त्याने याआधीही पाहिलं होतं.

पेचासकट नवा दांडा कुरिअरने आला. जुनाच माल, पण कुणी न वापरलेला, अजून ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेला. गुरुवारी सकाळी भागोजीने तो बसवला, इंडिकेटरची दांडी नवी घातली, चारी दिवे पेटवून पाहिले. चाक लोण्यासारखं फिरत होतं. मग गाडी काढून तो मालगुंडच्या बाजूला गेला आणि मोकळ्या सड्यावरून परत फिरला. सडा म्हणजे कातळाचं पठार, पावसाळा सरला की नुसतं करडं गवत आणि ऊन. झाड नाही, घर नाही, आडोशाला माणूस नाही.

रस्ता सरळसोट होता. मध्येच कट्‌ कट्‌ आवाज सुरू झाला. डावी साइड पेटली होती.

भागोजीने दांडी मागे सारली. ती परत खाली गेली. कुणीतरी सावकाश, सवयीने द्यावी तशी. आणि हातातलं चाक डावीकडे ओढ घेऊ लागलं. त्याने दोन्ही हातांनी धरून गाडी रस्त्यावर ठेवली. शंभर पावलं पुढे गेल्यावर ओढ सुटली आणि साइड आपोआप बंद झाली. घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं झाली होती.

आपल्या हातून काहीतरी चुकलंय, असं त्याने स्वतःला समजावलं. कारागिराला भूत मानण्यापेक्षा स्वतःची चूक मानणं सोपं जातं. गॅरेजात येऊन त्याने सगळं परत उघडलं, वायर न्‌ वायर तपासली, फ्लॅशर बदलला, समोरच्या चाकांचा कोन मोजला. काही सापडलं नाही. शुक्रवारी पुन्हा तेच करायचं म्हणून त्याने बॅटरीच काढून बाकावर ठेवली आणि बाजूला डबा खायला बसला.

बाराच्या ठोक्याला गाडीतून कट्‌ कट्‌ ऐकू आलं. भागोजी हातात भाकरी घेऊन तसाच उठला. बॅटरी बाकावर होती, किल्ली त्याच्या खिशात होती, आणि फियाटचा पुढचा डावा दिवा लुकलुकत होता. समोरचं चाक काँक्रीटवर करकरत डावीकडे वळत गेलं, पुरतं पिळलं गेलं आणि थांबलं. कोपऱ्यावर कुणी माणूस उभा राहून वाट बघतो ना, तशी गाडी अर्धा तास उभी राहिली. मग दिवा विझला.

शनिवारी तो एसटीने मालगुंडला गेला. सलिलची आई, उमाकाकू, ओटीवर कोकमं निवडत होत्या. सलिलही तिथेच होता. भागोजीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सलिल हसला, पण काकूंकडे नजर जाताच त्याचं हसू गेलं.

"मी सांगितलं होतं गाडी राहू दे म्हणून," काकू म्हणाल्या. "तू ऐकलं नाहीस."

"का राहू दे, ते कुठे सांगितलंस?"

काकूंनी सूप खाली ठेवलं. "चौऱ्याऐंशी साल. तू पाच वर्षांचा, तापाने फणफणलेला. तुला घेऊन रत्नागिरीला निघालो होतो. सड्यावर गाडीचं चाक सुटलं. सुटलं म्हणजे हातात नुसतं गरगर फिरायला लागलं. गाडी दरीकडे निघाली. हे विज्ञानाचे मास्तर, देवाला कधी हात न जोडणारे. पण त्या वेळी मोठ्यांदा ओरडले, सड्याच्या राखणदाराला. पोराला ठेव, ही गाडी चालेल तोवर रोज बारा वाजता तुझ्या दारात आणून उभी करीन. गाडी थांबली ती राखणदाराच्या दगडासमोर. पुढचं एक चाक हवेत होतं."

काकूंनी सूप पुन्हा जवळ ओढलं.

"म्हणून ते कुठे गेले नाहीत," काकू पुढे म्हणाल्या. "मधल्या सुट्टीत जायचे, सुट्टीच्या दिवशी जायचे, ताप असला तरी जायचे. तुझ्या लग्नाच्या दिवशी बारा वाजता ते तिथे बसून रडले होते, मला नंतर सांगितलं. तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती. पोराला वाटेल आपला जीव उसना आहे, म्हणाले."

सलिलने खांबाला डोकं टेकलं. इतकी वर्षं जपलेला राग असा एका क्षणात हातातून गेला की माणसाला जागेवरून उठवत नाही. भागोजीने दुसरीकडे बघितलं. त्याला स्वतःचाच राग येत होता. मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा स्टेअरिंगही गेलं होतं, गाडी आपणहून थांबली होती, शब्द आपणहून संपला होता. तो भागोजीने पेच घालून पुन्हा चालू केला होता.

"मी आत्ता जाऊन चाक काढून ठेवतो," तो म्हणाला. "गाडी मेली की शब्द पन मेला."

काकूंनी मान हलवली. "आपणहून मोडली तर शब्द सुटतो. मुद्दाम मोडली तर ती फसवणूक. ज्याच्यासाठी दिला, तो अजून जिवंत बसलाय माझ्यासमोर, आणि आता गाडी चालेल तोवर तो शब्द त्यालाच पाळायचाय."

"मग विचारूया," सलिल म्हणाला. "मला सोडतो का ते त्यालाच विचारूया. माझं घर तिकडे आहे, आई. ऋजुता माझी वाट बघतेय. मी तिला बाबांसारखा बाप नाही व्हायचो."

कौल लावणं भागोजीला नवीन नव्हतं. त्याच्या बापाने गावच्या देवळात जन्मभर तेच केलं. दगडाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भागोजी धाकटा, म्हणून देऊळ भावाकडे गेलं आणि पाने-पकडी त्याच्याकडे आल्या. तरी गाऱ्हाण्याचे शब्द विसरायचे म्हटलं तरी विसरत नाहीत.

रविवारी सकाळी भागोजी गॅरेजातून फियाट मालगुंडला घेऊन आला आणि पावणेबाराला ते दोघे तिच्यातून निघाले. सलिल चालवत होता, त्याची बॅग मागच्या सीटवर होती. सड्यावर साइड आपोआप पेटली. या वेळी सलिलने हात सैल सोडले. गाडी रस्ता सोडून डावीकडे उतरली आणि पुरती वळून शेंदूर फासलेल्या उभ्या दगडासमोर थांबली, साइड विझली. कातळात चाकांच्या दोन चऱ्या पडल्या होत्या. टायर त्यांत अलगद बसले.

सलिल आतच राहिला. भागोजी उतरून दगडासमोर उभा राहिला. कळ्या लावायला दगडाला हात घातला, पण दगड तव्यासारखा तापला होता, कळ्या धरेनात. तेव्हा त्याला ते सुचलं. गाडी आहेच की. तिला दोन दिवे आहेत.

त्याने विडा आणि नारळ ठेवला, हात जोडले. "बा राखनदारा म्हाराजा, मास्तरानं चाळीस वर्सं तुजी चाकरी केली. त्येचा ह्यो लेक आज तुज्या दारात उबा हाय. त्याला सोडनार असशील तर उजवा कौल दे, नसशील तर डावा दे. काय चुकलंमाकलं आसंल तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा," गाडीतून सलिल म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा लागला.

वारा पडला. गवतातले किडे एकाएकी गप्प झाले. सलिलचे दोन्ही हात मांडीवर होते. डॅशबोर्डवर कट्‌ कट्‌ सुरू झालं आणि भागोजी वळून धावत गाडीपाशी आला.

उजवी साइड पेटली होती. चाळीस वर्षांत जी कधी फारशी लागलीच नाही, ती.

"उजवा," भागोजी म्हणाला. "सलिलभाऊ, उजवा दिलान. सुटलात. निगा आता, मागं बगू नका. माजं काय, मी एसटीनं जाईन."

सलिलने खिडकीतून त्याचा हात घट्ट धरला आणि सोडला. गाडी रस्त्याला लागली. रत्नागिरीच्या दिशेला लांबवर एक ठिपका होऊन ती सड्याच्या कडेवरून खाली उतरली.

भागोजीला मोठं समाधान वाटलं. आपल्या हातून गुंतलेलं आपल्याच हातून सुटलं. राखणदाराचे आभार मानावेत म्हणून त्याने बरोबर आणलेल्या तेलात शेंदूर कालवला आणि दगडापुढे बसला. बापाने शिकवलं होतं, शेंदूर आधी देवाच्या उजव्या खांद्याला. बोट आपसूक पुढे गेलं आणि दगडाच्या ज्या अंगाला टेकलं, ते अंग भागोजीच्या डाव्या हाताला होतं.

बोट तिथेच थांबलं.

देव आपल्याकडे तोंड करून असतो. त्याचा उजवा तो आपला डावा. बापाने हे कधी समजावून सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती, गुरवाच्या घरात ते पोटातून येतं. पण भागोजीने तीस वर्षं उजवं-डावं मोजलं ते ड्रायव्हरच्या सीटवर बसून. गाडी देवाकडे तोंड करून उभी होती. तिचा उजवा दिवा देवाच्या डाव्या हाताला होता.

त्याने फोन काढला. सड्यावर रेंज नव्हती. तो फोन उंच धरून रस्त्यावर धावला, रत्नागिरीच्या बाजूला नजर लावून उभा राहिला. रस्ता रिकामा होता. ऊन एवढं की डांबरावर पाणी सांडल्यासारखं दिसत होतं.

कट्‌ कट्‌ आवाज त्याच्या पाठीमागून आला.

फियाट मालगुंडच्या बाजूने येत होती. गेली होती दक्षिणेला, आली उत्तरेकडून. सड्यावरून एकच रस्ता जातो आणि त्यावर भागोजी स्वतः उभा होता. डावी साइड लुकलुकत होती. त्याच्यासमोरून गाडी सावकाश खाली उतरली, पुरती वळली आणि चाकं चऱ्यांत जाऊन बसली.

सलिलने दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"काका, मी कुठेच वळलो नाही," तो म्हणाला. "सरळच चालवत होतो."

भागोजी दाराशी गेला. खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं. "कौल मी उलटा वाचला," तो म्हणाला. "माजी चूक. डावा व्हता."

सलिलने मान हलवली, जणू ते त्याला रस्त्यातच कळलं होतं. मग त्याने इंजिन बंद केलं. जिथे भागोजीला फोनची एक काडीही मिळाली नव्हती, तिथे सलिलचा फोन वाजू लागला. पडद्यावर ऋजुताचं नाव होतं.

त्याने तो कानाला लावला. "नाही ग, निघालो नाही," तो म्हणाला. "तू आणि आई तिकडेच राहा. मला नाही जमायचं यायला."

पलीकडे मुलगी का, का विचारत होती, ते भागोजीला बाहेर उभ्याने ऐकू येत होतं. सलिलने तिला कारण सांगितलं नाही.