नागदत्तेचा दगड

ग्राइंडरचा करकराट नाल्याच्या अलीकडेच कानी आला, तशी पंचफुलाबाईंची चाल वाढली. आज पौर्णिमा. शहापूर-सानगडीहून माणसं टेकडीवर दर्शनाला यायची होती. पण तिथं ग्राइंडर कशाला?

वर पोचल्या आणि त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. जुन्या स्तूपाच्या कठड्याचा एकच दगड उरला होता. त्यावर त्या रोज फूल ठेवत. त्याच दगडावर टेकचंद मिस्त्री वाकलेला, भुकटी उडते आहे, आणि त्यांचा भाचा विनोद, कमेटीचा अध्यक्ष, फोटो काढतो आहे.

"बंद कर रे!" त्यांनी वायरच उपटली.

"काहून ओरडून राहिल्या मावशी? यावर दानदात्यांची नावं कोरायची हायेत. दहाले पावणे येतीन."

"आधीचं नाव हाये ना त्यावर! नागदत्ता! बाईचं नाव हाये!"

"त्या रेघोट्या? कोणाले वाचता येते?"

त्यांनाही येत नव्हतं. सारा जन्म धानाच्या रोवणीत गेलेला. पण तीन वर्षांमागं नागपूरहून एक अभ्यासक मुलगी आली होती. तिनं एकेका अक्षरावरून त्यांचं बोट फिरवलं होतं: उपासिका नागदत्ता, तिचं दान. दोन हजार वर्षांपूर्वीची बाई! छप्पन साली बाप पायी नागपूरला गेला, तिथून आपण बौद्ध झालो, एवढंच पंचफुलाबाईंना ठाऊक होतं. आपल्याच टेकडीवर इतकी जुनी बौद्ध बाई! त्या दिवशी आनंदानं त्यांना जेवण गेलं नव्हतं.

आता त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. 'नागदत्ता' जिथं होतं, तिथं न्हाणीच्या फरशीसारखं गुळगुळीत लागलं.

"बाई, मले त कमेटीनं सांगतलं," टेकचंद पुटपुटला. "नाव हाये मालूम असतं, त हात नसता लावला."

"मावशी, तुमचं नाव पयलं टाकतो," विनोद हसून म्हणाला. "मंग त खूश?"

"माहं नाव? म्हणजे उद्या तुह्यासारखा कोणी अध्यक्ष येईन अन् मलेबी घासंन! दुसऱ्या कोणी हा दगड घासला असता, त तुनं मोर्चा काढला असता ना? आता कोणावर काढतं? सांग!"

विनोदचं हसू मावळलं. खाली टेम्पो थांबला. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया फुलं घेऊन चढू लागल्या.

पंचफुलाबाई दगडाला पाठ लावून बसल्या.

"उठा ना मावशी. लोकांले काय सांगू मी?"

"जे केलं, ते सांग. माईक हाये ना?"

"इज्जत जाईन माही."

"जाऊ दे."

बाया येऊन उभ्या राहिल्या. फुलं कुठं वाहायची, हे त्यांना कळेना. त्या बसलेल्या म्हातारीकडं पाहत राहिल्या. विनोदनं माईक उचलला, नावांची यादी खिशात कोंबली.

"जय भीम," तो म्हणाला आणि अडला.

"माह्याकडं पाहू नको," पंचफुलाबाई कडाडल्या. "तिकडं पाय, लोकांकडं. अन् तिचं नाव घे."