फसफसणारा ग्लास

धाकटीच्या ग्लासातून फेस वर आला, काठावरून ओसंडला, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, आणि इमारतीच्या आवारात जमलेली सगळी माणसं एक पाऊल मागे सरली.

शेजाऱ्यांनी आपापल्या घरून पाणी भरून आणलेले ग्लास टेबलावर रांगेने ठेवलेले होते. महाराजांनी त्या प्रत्येकात तीच चिमूट सोडली होती. पूड पांढरी, बारीक, जराशी सुगंधी. ती पाण्यात पडली आणि मुकाट्याने तळाशी गेली. धाकटीच्या ग्लासात मात्र पाणी नव्हतं. "जिच्या हातात दोष आहे, तिने स्वतःच्या हाताने केलेलंच आणावं," असं महाराजांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. म्हणून तिच्या ग्लासात तिने केलेलं गुलाबाचं लिंबूपाणी होतं, नुकतीच बाटली उघडून ओतलेलं. चिमूट पडली मात्र, ते उकळल्यासारखं उसळलं.

"पाहिलंत?" महाराज हळूच म्हणाले. "लहरी आहेत. या हातांतून उलट्या लहरी वाहतायत."

महाराज भगवे कपडे घालत नसत. पांढराशुभ्र शर्ट, मनगटावर महागडं घड्याळ, आणि तोंडी सदा लहरी, कंपनं, ऊर्जा. थोरलीने पहिल्याच दिवशी मनातल्या मनात त्यांचं नाव लहरीबाबा ठेवून टाकलं होतं. ती धाकटीची जाऊ. गेली कित्येक वर्षं ती शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती आणि इमारतीतली निम्मी तरुण मंडळी तिच्या हाताखालून गेलेली होती. ती पुढे झाली आणि म्हणाली की इतरांच्या ग्लासात पाणी आहे आणि हिच्या ग्लासात फसफसणारं पेय, मग दोन्हींची तुलना कशी करायची? तिचं वाक्य पुरतं ऐकूनही कोणी घेतलं नाही. सासूबाईंनी तिचा हात धरून तिला मागे ओढलं. तिचाच एक जुना विद्यार्थी, आता मोठ्या कंपनीत इंजिनिअर झालेला, समजूत काढावी तसा म्हणाला, "बाई, विज्ञानाच्या पलीकडेही काही असतंच ना."

विज्ञानाच्या पलीकडचं राहू दे बाबा, अलीकडचं तरी नीट बघ, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

महाराजांनी निर्णय दिला. उरलेली बाटली उघडी ठेवायची, तोंडावर नुसतं पातळ फडकं बांधायचं, म्हणजे वाईट लहरींना बाहेर पडायला वाट मिळेल. परवा ते पुन्हा येऊन पाहतील. आणि तोवर तिच्या हातचं, तिच्या अंगचं काहीही बाळाच्या पोटात जाता कामा नये.

बाळ सहा महिन्यांचं होतं आणि अंगावर पीत होतं.

हे सगळं सुरू झालं ते बाटल्यांपासून. दर उन्हाळ्यात इमारतीतली माणसं एका संध्याकाळी गच्चीवर जमत आणि त्या दिवशीचं पेय धाकटी करत असे. साखरेचं पाणी उकळून निववायचं, त्यात लिंबाचा रस आणि साली टाकायच्या, बागेतल्या गुलाबाच्या पाकळ्या न धुता सोडायच्या आणि भांड्यावर कापड बांधून ते काही दिवस तसंच ठेवायचं. पाकळ्यांवर डोळ्यांना न दिसणारं किण्व, म्हणजे यीस्ट, असतं. ते साखर खातं आणि वायू सोडतं. बुडबुडे दिसू लागले की गाळायचं, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरायचं, आणि वायू आत कोंडून राहतो. सोड्याची बाटली उघडावी तसा आवाज, गुलाबाचा वास आणि जिभेवर लिंबाची टोचणी. लोक वर्षभर त्याची आठवण काढत.

यंदा ऊन लवकर तापलं. बाळाच्या धांदलीत धाकटीच्या हातून साखर जास्त पडली आणि बाटल्या जिन्याखालच्या कोंदट कपाटात राहिल्या. एका दुपारी सासूबाई जिना उतरत असताना पहिली बाटली फुटली, पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. कपाटाचं दार उघडून काचा थेट जिन्यावर आल्या. सासूबाईंच्या पायात काच घुसली. त्या आठवड्यात बाळ उकाड्याने किरकिरत होतंच. सासूबाईंनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली, शेजारणीने महाराजांचा पत्ता दिला, आणि झालं.

थोरलीने त्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. साखर, उष्णता, वायू, दाब. सासूबाईंनी पायाच्या पट्टीकडे बघत उत्तर दिलं होतं की इतकी वर्षं साखर होती, ऊनही होतं, तेव्हा नाही फुटल्या त्या.

आता घरात बाळ रडत होतं. सासूबाई त्याला वरचं दूध पाजायचा प्रयत्न करत होत्या. ते तोंड फिरवत होतं, घेतलेलं ओकत होतं. दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, खिडकीपाशी फोन हातात धरून उभा होता आणि त्यात काहीही बघत नव्हता. थोरलीचा नवरा नोकरीसाठी दूर होता. त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, आईच्या मनासारखं होऊ दे दोन दिवस. दोन दिवस. थोरलीने फोन ठेवला तो जरा जोरातच.

ती स्वयंपाकघरात गेली. धाकटी ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. ब्लाउज भिजला होता. ती वाटीत दूध पिळून काढत होती आणि मोरीत ओतत होती.

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. "ऊठ आणि बाळाला घे. कोण अडवतं ते मी बघते."

धाकटीने मान हलवली. "ताई, मला नका आग्रह करू. बाटल्या फुटायच्या आधीपासूनच मला वाटत होतं, माझ्या हातून काहीतरी वाईट होणार म्हणून. बाळ झाल्यापासून वाटतंय. ते खरं निघालं, एवढंच."

बाहेरच्या माणसांशी भांडायची थोरलीची तयारी होती. पण ज्या मुलीसाठी भांडायचं तीच लहरीबाबाच्या बाजूला जाऊन बसली होती. वर्गात एखादा मुलगा गणित कळलं म्हणून मान डोलावतो आणि वहीत चूकच लिहितो, तेव्हा होतो तसा संताप तिला आला. आणि हा संताप नेमका कोणावर काढायचा हेही कळेना.

न फुटलेल्या काही बाटल्या तिने आपल्या न्हाणीघरात गार पाण्याच्या बादलीत ठेवल्या होत्या. त्यातली एक तिने काढली, स्वतः उघडली, ग्लासात ओतली आणि वर चिमूटभर साधं स्वयंपाकाचं मीठ टाकलं. फेस उसळून ओट्यावर सांडला. पिठीसाखर टाकली, तीच गत. पाण्यात कोंडलेल्या वायूला सुटायला कसला तरी आधार हवा असतो. बारीक पूड पडली की तिच्या कणाकणावर बुडबुडे धरतात आणि सगळा वायू एकदम बाहेर धावतो. पूड कसली आहे याला महत्त्व नाही. ओतणाऱ्याला तर नाहीच नाही.

तिने दिराला बोलावून दाखवलं. त्याने नीट पाहिलं, विचारही केला, आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही एकाच घरात राहता ना तिच्याबरोबर. तुम्हालाही लागल्या असतील लहरी."

तिने फडकं घेऊन ओटा पुसला. खसाखसा पुसला.

ठरल्या दिवशी आवार पुन्हा भरलं. या वेळी गर्दी जास्त होती. शेजारच्या इमारतींतूनही लोक आले होते. उघडी ठेवलेली बाटली फडक्यासकट टेबलावर आली. महाराजांनी डोळे मिटले, बाटलीवर हात फिरवला, कंपनं मोजल्यासारखी बोटं हलवली. मग त्यांनी धाकटीला ओतायला सांगितलं आणि चिमूट सोडली.

काही झालं नाही. पूड तळाशी बसली.

गर्दीतून सुटकेचा सुस्कारा निघाला. सासूबाईंनी हात जोडले. महाराज म्हणाले की बाटलीतल्या लहरी गेल्या, पण शरीरातल्या मुळापासून जायला वेळ लागेल. हिने काही महिने आपल्या केंद्रावर येऊन राहावं, सेवा करावी. बाळाला अर्थातच घरी ठेवावं. दिराने मान डोलावली. धाकटीनेही.

थोरली पिशवी घेऊन पुढे आली. आज तिने आवाज चढवला नाही. तिने बादलीतली गार बाटली टेबलावर ठेवली आणि सासूबाईंना म्हणाली की ही धाकटीनेच केलेली आहे, पण आज तुम्ही तुमच्या हाताने उघडा आणि ओता. सासूबाई बिचकल्या, पण सगळे बघत होते. त्यांनी ओतलं. थोरलीने महाराजांच्याच डबीतली चिमूट टाकली. फेस ग्लासाबाहेर आला.

तिला वाटलं, संपलं. इतकं उघड झाल्यावर आता काय उरतं?

महाराज क्षणभरच थांबले. मग खिन्नपणे म्हणाले, "म्हणजे घरभर पसरल्यात. मला याचीच भीती होती."

आणि लोकांनी ते मानलं. खरोखर मानलं. इंजिनिअरने समोरचा ग्लास घाईने दूर सारला. एका बाईने आपल्या मुलीला मागे खेचलं. सासूबाई स्वतःच्या तळहातांकडे पाहू लागल्या. थोरलीला क्षणभर वाटलं, बाटली इथेच आपटावी आणि वर निघून जावं, मरोत मेले. पण वरच्या खोलीत शेजारणीपाशी ठेवलेल्या बाळाचं रडणं खाली ऐकू येत होतं. आता ते जोरात रडत नव्हतं, दमून गेल्यासारखं कण्हत होतं.

"महाराज," ती म्हणाली, "तुमच्यात तर उलट्या लहरी नाहीत ना?"

गर्दीतूनच कोणीतरी उत्तर दिलं की काय बोलता बाई, ते शुद्ध आहेत.

"मग त्यांनी ओतलेल्या ग्लासात फेस यायला नको. शुद्ध हात कसा असतो ते आम्हालाही बघू दे. आमची खात्री पटेल."

ही मागणी भक्तांनाच फार आवडली. सगळे पुढे सरकले. महाराज म्हणाले याची गरज नाही. लोक म्हणाले, दाखवाच. मग ते हसले, बाही सावरली आणि त्यांचा हात सरळ त्या शिळ्या, उघड्या बाटलीकडे गेला.

थोरली तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या. "ती नको. ही घ्या, मी घेतली ती."

महाराजांचा हात जिथल्या तिथे थांबला होता. कोणती बाटली उसळते आणि कोणती नाही हे त्या हाताला पक्कं ठाऊक होतं, आणि ते आता सासूबाईंनाही कळलं होतं. त्यांनी ताजी बाटली त्यांच्यापुढे सरकवली. महाराजांनी ओतलं. चिमूट अगदी नावापुरती घेतली, जेमतेम दोन कण. तरी फेस चढला आणि पांढऱ्या बाहीवर गुलाबी डाग पसरला.

"मग महाराजही अशुद्ध का?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

उत्तर थोरलीने दिलं. बंद बाटलीत वायू कोंडलेला असतो, त्यात कोणीही काहीही पूड टाका, फसफसणारच. बाटली दोन दिवस उघडी ठेवा, वायू उडून जातो, मग काही होत नाही. "फडक्यातून काहीतरी बाहेर पडलं हे खरंच," ती म्हणाली, "पण त्या लहरी नव्हत्या. तो वायू होता. आणि हे यांना आधीपासून माहीत होतं, म्हणून तर हात तिकडे गेला." तिने पिशवीतली मिठाची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि ज्याला हवं त्याने करून बघा म्हणाली. एका शाळकरी मुलीने पहिल्यांदा केलं. मग तिच्या आईने. मग रांगच लागली. इंजिनिअर शेवटी आला. त्याने मीठ टाकलं, फेस पाहिला आणि बाईंच्या नजरेला नजर दिली नाही. तोवर डबी खिशात घालून, ही श्रद्धाहीन जागा आहे असं पुटपुटत महाराज फाटकाबाहेर पडले होते.

धाकटी मात्र जागची हलली नव्हती. थोरलीने ताजी बाटली तिच्या हातात दिली, पण तिने ओतलं नाही.

"पण ताई, बाटल्या फुटल्या त्या माझ्यामुळेच ना?"

"हो," थोरली म्हणाली. "साखर जास्त घातलीस आणि गार जागी ठेवल्या नाहीस. चूक झाली. पुढच्या वेळी मोजून घाल. चुकीला उपाय असतो, म्हणून तिला चूक म्हणतात. शाप म्हटलं की उपाय त्या माणसाच्या डबीत जातो."

धाकटीने बाटली टेबलावर ठेवली आणि जिन्याकडे वळली. सुरुवातीला हळू, मग दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. थोड्या वेळाने बाळाचा आवाज थांबला. सासूबाईंनी वर पाहिलं आणि लंगडत तिच्या मागे गेल्या.

आवार रिकामं होत आलं तसा इंजिनिअर थोरलीपाशी येऊन रेंगाळला. म्हणाला, हे ठीक आहे बाई, हा प्रकार खोटा निघाला. पण इतर ठिकाणी लोकांना त्यांचे अनुभव आलेत, ते सगळेच कसे खोटे असतील? थोरलीचं अंग थकव्याने जड झालं होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची या विचारानेच तिला रडू येईलसं वाटलं. पण तिने खुर्ची ओढली आणि त्याला समोर बसवलं.

"कोणाचा अनुभव खोटा असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "फेस आला तो तुम्ही डोळ्यांनी पाहिलाच. प्रश्न एवढाच असतो, तो कशाने आला? पुढच्या वेळी कोणी काही दाखवलं की हात जोडायच्या आधी सांग, आता हेच दुसऱ्याच्या हाताने होऊ दे. वस्तू बदला, माणूस बदला आणि मग बघा. खरं असेल तर टिकेल. आणि जो माणूस हे करू देत नाही, त्याच्या सांगण्यावरून कोणाचं मूल उपाशी ठेवू नकोस."

त्याने मान डोलावली. त्याला कळलं की नाही, हे तिला नुसत्या मान डोलावण्यावरून सांगता आलं नसतं.

"काय कळलं ते सांग," ती म्हणाली.