काकद्वीपचा बोलका डबा

मित्रांनो, बंगालच्या दक्षिण टोकाला, काकद्वीपच्या बाजारात दातांचा एक दवाखाना आहे. तिथे खिडकीपाशी, औषधांच्या कपाटावर जो पोचे पडलेला अ‍ॅल्युमिनियमचा डबा दिसतो, तो मी, एक बिनतारी संच. माझ्या पोटात तारा आहेत, पाठीतून एरियलची वायर निघते आणि एका वेळेस मी ऐकूही शकतो व बोलूही शकतो. अगदी एका वेळेस नव्हे म्हणा. माझे बटण दाबले की बोलायचे आणि सोडले की ऐकायचे. माणसांना असे बटण नाही, याचे मला अनेकदा वाईट वाटते.

मी कोणत्याही कारखान्यात जन्मलो नाही. डॉक्टर अनुलेखा सामंत यांनी मला आपल्या हातांनी घडवले. दुपारी रोग्यांची गर्दी ओसरली की त्या दवाखान्यातल्याच टेबलावर मला मांडून बसत. बोटाच्या पेराएवढ्या कड्यांवर केसासारखी तार गुंडाळायची म्हणजे चिकाटीचे काम, पण दाढेच्या कोपऱ्यातली कीड शोधणाऱ्या हाताला त्याचे काय! माझी पेटी त्यांनी दवाखान्याची जुनी पाटी कापून केली. त्यामुळे माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला बंगालीत अजूनही 'दात' एवढेच लिहिलेले आहे.

पहिल्यांदा माझ्यातून दूरच्या माणसाचा आवाज आला, तो कच्छमधल्या भुजच्या दामजीभाई ठक्कर यांचा. देशाचे हे टोक आणि ते टोक, आणि मध्ये फक्त वारा. अनुलेखादींना इतका आनंद झाला, की खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या रोग्याला त्या क्षणभर विसरल्या. पुढे कित्येक वर्षे सकाळची दामजीभाईंशी गाठ ठरलेली असे. येणारेजाणारे मला पाहून कौतुक करीत. दामजीभाई तर म्हणत, "दीदी, विकतचे संच बोलतात, तुमचा संच गप्पा मारतो."

मग दवाखाना वाढला, रोगी वाढले आणि माझ्याकडे वळणारा हात कमी झाला. मी कपाटावर गेलो. खाली हत्यारे उकळायचे भांडे, त्याची वाफ माझ्या अंगावर. खिडकीतून खाडीचा खारा वारा. मी तक्रार केली नाही. कोणाकडे करणार? बोलायला तरी कोणी बटण दाबायला हवे ना.

एका पौषात गंगासागरच्या मेळ्यासाठी बिनतारी संदेश देणारी माणसे हवी होती. तिथे गर्दी इतकी की मोबाईल लागत नाहीत. कारभाऱ्यांनी अनुलेखादींना परवानगीचे पत्र दिले आणि त्यांनी मला खाली काढून पुसले. सोबतीला हरिसाधन गायेन आले. ते पूर्वी जहाजावरून संदेश पाठवीत. त्यांच्याकडे चकचकीत विकतचा संच होता, पण तो त्यांनी घरीच ठेवला.

"खारं वारं लागेल त्याला," ते म्हणाले.

"आणि माझ्याला चालतं वाटतं?" अनुलेखादींनी विचारले.

"तुझा डबाच आहे गं. डब्याला काय होतंय."

निघण्यापूर्वी माझी तपासणी झाली. एरियलच्या जागी एक बल्ब लावला. 'कट्ट-कडकट्ट' असा तारेच्या ठोक्यांचा, म्हणजे मोर्सचा संदेश पाठवला, तर बल्ब लख्ख उजळला. पण अनुलेखादी माइकमध्ये बोलल्या, तेव्हा बल्बची तार जेमतेम लाल झाली. हरिसाधनदा हसले. "हा बोलत नाही, पुटपुटतोय. नव्या नवरीसारखा. जाऊ दे, कट्टकडकट्ट जातंय ना? तेवढ्यावर भागेल."

मला फार लाज वाटली. पण होडीची वेळ झाली होती.

मेळा भरतो त्या सागर बेटावर त्या सकाळी दाट धुके होते. आमच्या तंबूत शिउली नावाच्या स्वयंसेविकेने एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून आणले. बाईंच्या अंगावर काळी ओढणी होती, हातात पाण्याने भरलेला तांब्या. त्या एकसारख्या काहीतरी सांगत होत्या आणि कोणालाच काही कळत नव्हते. शिउलीने मुरमुरे आणि नव्या गुळाचा खडा पुढे केला. बाईंनी तो बाजूला सारला आणि उठून दाराकडे निघाल्या.

"आजी, बसा हो. बाहेर पुन्हा हरवाल," शिउलीने त्यांना मायेने धरून बसवले. त्या पुन्हा उठल्या. पुन्हा बसवले. तिसऱ्यांदा बसवले तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले.

"मुलांनी आणून सोडलं असेल," तंबूबाहेरचा चहावाला हळूच म्हणाला. "दर वर्षी बघतो मी."

पेहरावावरून बाई गुजरातकडच्या वाटल्या, म्हणून तिकडच्या एका यात्रेकरूला बोलावले. त्याने कान देऊन ऐकले आणि मान हलवली. "ही आमची भाषा नाही. कच्छी आहे, जुन्या वळणाची. मला चार शब्द कळतात फक्त. पाणी म्हणते, आणि कोणालातरी 'बस' म्हणते."

कच्छ म्हटल्यावर अनुलेखादींना दामजीभाई आठवले. त्यांची रोजची वेळ झालीच होती. आधी तारेचा संदेश गेला, तर भुजहून लगेच उत्तर आले. मग अनुलेखादींनी बटण दाबून बाईंची हकिगत सांगितली. दामजीभाईंचा आवाज आला, "दीदी, तुम्ही आहात एवढं कळतंय. शब्द एक कळत नाही. विहिरीच्या तळातून बोलताय जणू."

त्या ओरडून बोलल्या. मग हरिसाधनदा ओरडले. मी जिवाचा आटापिटा केला, पण माझ्याकडे पोचत होते तेच इतके क्षीण होते, की पुढे काय पाठवणार?

"कट्टकडकट्टनं विचार ना," हरिसाधनदा म्हणाले.

"काय विचारू? बाईंचं बोलणं मला लिहिताच येत नाही. त्यांचाच आवाज तिकडे जायला हवा." अनुलेखादींनी तारेने एवढेच कळवले, की थोडे थांबा. भुजहून उत्तर आले, "मी इथून हलत नाही."

माझे झाकण उघडले गेले आणि एरियलच्या जागी पुन्हा बल्ब लागला. हरिसाधनदा म्हणाले, "शेवटचा भाग गेला असणार. तोच तर जोर लावतो."

"तो गेला असता तर कट्टकडकट्टलाही बल्ब पेटला नसता," अनुलेखादी म्हणाल्या. "बॅटरी चांगली, एरियल चांगलं. बिघाड आवाजाच्या वाटेवर आहे. माइक बदलून बघू." माइक बदलला. काही फरक नाही. "मग माइकच्या पुढचा भाग. आवाज आधी तिथं वाढतो."

त्यांच्या पिशवीत दात तपासायचा छोटा आरसा आणि टोकदार सळई असायचीच. आरसा माझ्या पोटात घालून त्या एकेक भाग पाहू लागल्या, सळईने हलकेच दाबू लागल्या. हरिसाधनदा माइकमध्ये एकसुरी "आ…" म्हणत होते.

"वा, आता मीच पेशंट," ते पुटपुटले.

"थांबू नका. आ करा."

सळई एका शेंगदाण्याएवढ्या कपॅसिटरवर टेकली आणि बल्ब एकदम उजळला. उचलली, विझला. अनुलेखादींनी आरसा तिरपा केला. त्या भागाच्या एका पायाभोवती हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. पाय जागेवर दिसत होता, पण टेकलेला नव्हता. इतकी वर्षे वाफ आणि खारा वारा खाऊन तो सुटला होता.

"हलतोय," त्या म्हणाल्या. "पण उपटायचा नाही. धरून ठेवायचा."

डाख द्यायला विजेची कांब लागते, आणि तंबूत वीज नव्हती. चहावाल्याने न सांगता शेगडी पुढे सरकवली. जाड तांब्याच्या तारेचा तुकडा चिमट्यात धरून तापवला, पाय खरवडून स्पिरिटने पुसला आणि डाखेचा एक चमकता थेंब तिथे बसला. मला क्षणभर भाजले. पण मित्रांनो, गळ्यात अडकलेले काहीतरी निघून जावे तसे मला झाले.

"दामजीभाई, आता?" एरियल पुन्हा जोडून अनुलेखादींनी विचारले.

"आता शेजारच्या खोलीतून बोलताय, दीदी."

मग दामजीभाईंनी कच्छीत हाक दिली, आणि माझ्यातून ते शब्द ऐकताच म्हाताऱ्या बाई ताडकन उठल्या. अनुलेखादींनी माइक त्यांच्या तोंडापाशी धरला. त्या जे बोलत सुटल्या ते न थांबता. हातातला तांब्या हिंदकळत होता. शेवटी बटण सुटले. मग दामजीभाई हिंदीत म्हणाले, "दीदी, या वालबाई. त्या हरवलेल्या नाहीत."

"म्हणजे?"

"त्यांची नणंद हरवलीय, पूरबाई. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही त्यांना. वालबाई पाणी आणायला गेल्या आणि नणंदेला सांगून गेल्या, मी येईपर्यंत इथून उठू नका. एका मोठ्या घंटेपाशी, नळाच्या मागे. परत निघाल्या तर तुमच्या लोकांनी धरून आणलं. त्या म्हणतात, हे सगळे चांगले आहेत, पण मला सोडत का नाहीत?"

शिउलीने तोंडावर हात धरला. मग तिने वालबाईंचा हात घेतला, आणि या वेळी त्यांना पुढे घालून ती मागे निघाली. त्या धुक्यात दिसेनाशा झाल्या. खाडीच्या बाजूला भरती चढत होती. हरिसाधनदा सारखे दाराशी जाऊन येत होते.

त्या परतल्या तेव्हा तिघी होत्या. पूरबाई सांगितल्या जागीच बसलेल्या सापडल्या. अंगावर दव पडून कपडे भिजले होते. उठवायला आलेल्या कित्येकांना त्यांनी हुसकावून लावले होते, कारण भावजयीने बसायला सांगितले होते. तंबूत येताच त्यांनी वालबाईंना जे सुनावायला सुरुवात केली, ते अनुलेखादींनी बटण दाबून थेट भुजला ऐकवले. दामजीभाईंना हसू आवरेना.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, पाणी आणायला गेली होतीस की विहीर खणायला?"

तांब्यातले पाणी वालबाईंनी नणंदेला पाजले, आणि मगच गुळाचा खडा स्वतःच्या तोंडात टाकला. दुपारी धुके निवळल्यावर त्यांच्या गावची मंडळीही शोधत आली.

मित्रांनो, त्यानंतर मी पुन्हा कपाटावर आलो, पण आता खाली उकळते भांडे नाही आणि माझ्यावर कापडाची खोळ असते. दर सकाळी कोणीतरी माझे बटण दाबते. हरिसाधनदाही येतात. मला डबाच म्हणतात, पण जाताना झाकणावर हात फिरवून जातात.

माझे एवढेच मागणे आहे. एखाद्याचा आवाज क्षीण आला, तर त्याला टाकून देऊ नका आणि त्याच्यावर ओरडूही नका. तो कुठे अडकला आहे ते धीराने शोधा. आणि कोणी पुन्हा पुन्हा उठून काही सांगत असेल, तर त्याला खाली बसवण्याआधी ते ऐका. दूर कुठेतरी, धुक्यात, कोणीतरी त्याच्या शब्दावर बसून असेल.