काकडीच्या वेलावरची मच्छरदाणी

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. एकदा माझ्या अंगावर इतके डास जमले, की त्यांनी एकदम पंख फडफडवताच मी, माझ्या चारही दोऱ्या, पलंग आणि पलंगावर घोरणारा शिंपी असे सगळे वीतभर वर उचलले गेलो. शिंप्याला जाग आली नाही, म्हणून साक्षीदार नाही. एवढंच.

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. मूळची पांढरी, आताचा रंग विचारू नका. शिंप्याच्या दुकानामागच्या या खोलीत मी खुंटीला लटकते आणि खेळून दमलात की तुम्ही माझ्याखाली येऊन बसता. शिंपी पुढे मशीन चालवतोय. त्याला ऐकू कमी येतं, तेव्हा मी मोकळेपणाने बोलते. ही भुवया उडवणारी मुलगी त्याची नात. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

माझं कापड कारखान्यात विणलं गेलं, पण मला रूप दिलं शिंप्याने. लग्न ठरल्यावर त्याने मला स्वतः बेतलं, कडेला निळी पट्टी लावली आणि दुहेरी शिलाई मारली. कापड फाटेल पण याची शिवण उसवणार नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. त्याची बायको मात्र हसायची. म्हणायची, यांना सांगा, माणसाला श्वास घ्यायला जागा ठेवा. पुष्कळ वर्षं मी त्या दोघांची झोप राखली. पाहुणे आले की माझं कौतुक व्हायचं. पुढे खिडक्यांना तारेची जाळी बसली आणि माझं बोचकं कपाटावर गेलं. तिथे पालीशिवाय कुणी विचारपूस केली नाही.

मग शिंप्याची बायको आजारी पडली.

मागच्या अंगणात दरवर्षी काकडी लावायची ती तिनेच. शिंप्याला रोप आणि तण यातला फरक कळत नसे. औषधांनी तिच्या तोंडाची चव पार गेली. भात नको, दूध नको, फळ नको. एक दिवस ती म्हणाली, अंगणातली काकडी असती तर खाल्ली असती. शिंप्याने बाजारातून कोवळ्या काकड्या निवडून आणल्या. तिने एक फोड तोंडात धरली आणि हळूच वाटीत काढून ठेवली. डॉक्टर शिंप्याला बाहेर नेऊन म्हणाले, त्या मागतील ते द्या. नुसत्या नजरेने माप घेणाऱ्या माणसाला त्या बोलण्याचंही माप लगेच कळलं.

तो बियाण्यांच्या दुकानात गेला आणि सगळ्यात लवकर येणारी जात मागितली. दुकानदाराने संकरित बियाण्याचं पाकीट दिलं. महिना-सव्वा महिन्यात काकडी हातात, म्हणाला. वर हेही सांगितलं, की पुढच्या वर्षीसाठी हिचं बी धरू नका, पुढच्या पिढीत आईबापाचे गुण उतरत नाहीत.

"पुढच्या वर्षीचं कोण बघतंय," शिंपी म्हणाला.

अंगणातल्या भिंतीशी त्याने बी टोचलं. दोन पानं फुटली न फुटली तोच तांबड्या भुंगेऱ्यांनी त्यांची चाळणी केली. एक भुंगेरा तर बैलाएवढा होता, पण ते राहू द्या. शिंप्याने मला कपाटावरून ओढून काढलं, बांबूंच्या सांगाड्याच्या मापाने कापलं आणि वेलासाठी अंगरखा शिवला. एकही फट नाही. मुंगीलाही विचारून यावं लागेल, असं तो बायकोला अभिमानाने सांगायचा. तिची खोली रस्त्याच्या बाजूला. तिला अंगण दिसत नसे. ती फक्त ऐकायची.

वेल मात्र फोफावला. पिवळी फुलं आली. काही फुलांच्या मागे इवलीशी काकडी घेऊनच. शिंपी हरखला. धरली बरं का, म्हणून आत सांगून आला. पण दोन-चार दिवसांत ती इवली काकडी पिवळी पडायची आणि गळायची. दुसरी, तिसरी, सगळ्यांचं तेच. शिंप्याला वाटलं, कीड अजून कुठून तरी शिरतेय. त्याने माझ्या खालच्या कडेला आणखी एक शिलाई मारली. गळलेल्या काकड्या तो खिशात घालायचा आणि आत जाऊन सांगायचा, वाढताहेत.

बायकोला आता उशीवरून मान उचलवत नव्हती. एका सकाळी तिने विचारलं, फुलांवर मधमाश्या येतात का?

"एकही येऊ दिली नाही," शिंपी म्हणाला.

ती बघतच राहिली. मग हसायला लागली, हसता हसता खोकला आला, तो थांबेना. शिंप्याने पाणी पाजलं.

"अहो, मग त्यांचं लग्न कोण लावणार?" ती म्हणाली. "नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलात न्यायला कुणीतरी नको?"

शिंपी दुकानातली मोठी कात्री घेऊन बाहेर आला. त्याने स्वतःची शिवण कधी उसवली नव्हती. त्या दिवशी उसवली नाही, सरळ कापली, वरपासून खालपर्यंत. खडूची रेघसुद्धा आखली नाही, म्हणून माझी ही कड अशी वाकडी आहे.

आणि मित्रांनो, मधमाश्या आल्या! रांग लावून आल्या. सूर्य झाकला. एका दिवसात काकडी हाताएवढी, दुसऱ्या दिवशी लोडाएवढी. दोघांनी धरून आत नेली. शिंप्याच्या बायकोने उशीला टेकून, मीठ लावून तीन फोडी खाल्ल्या आणि चौथी मागितली. म्हणाली, हीच ती चव.

तेव्हा मित्रांनो, रोपाला जाळी जरूर घाला, पण फुलं आली की रोज सकाळी ती वर करा. आणि माझ्यासारख्या जुन्या जाळीला दोन टाके घाला, फेकू नका. तिने निदान एकीला तरी वेळेवर काकडी...

"खोटं," शिंप्याची नात म्हणाली. "आजी गेली त्या दिवशी काकडी माझ्या करंगळीएवढी होती. मी बघितली होती. तिच्या टोकाचं फूलसुद्धा अजून गळलं नव्हतं."