अंगारकीच्या चादरी

तोंडात चार-पाच स्क्रू धरून छकुली मशीनचा पुढचा पत्रा उतरवत होती, त्यामुळे नवरा दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याला ‘या’ म्हणायची वेळ तिच्यावर आली नाही. ते बरंच झालं. स्क्रू नसते तर तिने भलतंच काही म्हटलं असतं.

“मशीन बंद पडली म्हणं,” सुग्रीव म्हणाला.

तिने पत्रा भिंतीला टेकवला आणि स्क्रू वाटीत टाकले.

“कोणी सांगितलं?”

“कळतंच की. राजूर काय लई लांब हाय का जालन्याहून?”

बद्रीनाथनेच सांगितलं असणार. लॉजचा तो मॅनेजर, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. छकुली पुन्हा मशीनकडे वळली.

उद्या अंगारकी होती. राजूरच्या गणपतीला माणसं लोटणार, लॉज भरणार, आणि लॉजच्या यच्चयावत चादरी छकुलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या पडल्या होत्या. आठवडाभर झड लागलेली. दोरीवर टाकलेल्या चादरीला बुरशी आली असती, पण ती वाळली नसती. म्हणून तर तिने बंद पडलेल्या एका दवाखान्याच्या भंगारातून कपडे वाळवायची ही मशीन आणली होती. आज सकाळी तिच्या आतला पट्टा तुटला. मोटर फिरायची, ड्रम जागचा हलेना. नवा पट्टा छकुलीकडे होता, तो घालायचा तेवढा बाकी होता. संध्याकाळपर्यंत चादरी आल्या नाहीत तर काम भोकरदनच्या लाँड्रीला देऊ, असं लॉजमालकाने स्वच्छ बजावलं होतं. काम गेलं की शेड गेलं. मग तिने सुग्रीवकडेच परत जायचं, हे सगळ्या भावकीने तिच्यासाठी ठरवूनच ठेवलं होतं.

कोपऱ्यात सुगंधाबाईंनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. त्या जावयाशी कधीच थेट बोलत नसत. त्याच्याकडे पाठ करून लेकीला विचारायचं आणि उत्तर जावयाने द्यायचं, ही त्यांची रीत.

“छकुले, पाव्हण्यांना साखर किती, ईचार.”

“दोन चमचे,” पाहुणे म्हणाले आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसले.

सुग्रीवचं नवीन जालन्यात फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. छकुली शिकली ती तिथेच, त्याच्या हाताकडे बघून बघून. त्याने शिकवलं मात्र कधी नाही.

“हा पट्टा एकट्यानं न्हाई बसत,” तो म्हणाला. “एकानं ड्रम उचलून धरावा लागतो, दुसऱ्यानं खालून हात घालून पट्टा मोटरवर चढवायचा. एवढीशी फट हाय. आतलं काही दिसत बी न्हाई.”

“म्हाईत हाय.”

“मी दहा मिन्टांत बसवून देतो. मंग सामान आवर. टेम्पो आणलाय. मशीन बी घेऊ, तू बी चल. चादरी माझ्या दुकानात वाळव, बिलकुल ना न्हाई माझी.”

छकुलीने दोरीवरचं आईचं जुनं लुगडं ओढलं, ड्रमखालून घातलं आणि दोन्ही टोकं छताच्या लोखंडी पाइपाला करकचून बांधली. ड्रम झोळीतल्या लेकरासारखा अधांतरी राहिला.

“झालं एक माणूस,” ती म्हणाली.

ती फरशीवर आडवी झाली आणि खांद्यापर्यंत हात आत सारला. पट्टा मोटरपर्यंत गेला आणि निसटला. पुन्हा नेला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा आतल्या स्प्रिंगने बोट सोललं. तिने हात बाहेर काढून रक्ताळलेलं बोट तोंडात धरलं.

सुग्रीव चहाचा घोट घेत हसला. “सोड. तुला मशीन उघडायची लई हौस. तवा बी अशीच गिऱ्हाईकासमोर उघडून बसल्ती. एक थापड काय मारली, दोन वर्षं धरून बसली.”

गॅसजवळ भांड्यांचा आवाज थांबला.

छकुलीने आईला एवढंच सांगितलं होतं की जमलं नाही. गालावरची थापड तिने सोसली होती, पण ती ऐकताना आईचा चेहरा कसा होईल हे तिला सोसलं नसतं.

सुगंधाबाई उठून मशीनजवळ आल्या, गुडघे दाबत लेकीशेजारी बसल्या.

“काय लागतंय हाताला?”

“दिसतच न्हाई काही, आई.”

“दिसतं का ते मी कुठं ईचारलं? लागतंय काय?”

मेंढरं होती तेव्हा अडलेल्या मेंढीचं आडवं आलेलं कोकरू फिरवायला लांबलांबचे लोक सुगंधाबाईंनाच बोलवायचे.

“डोळे मीट,” त्या म्हणाल्या. “मेंढीच्या पोटात काय कंदील असतोय? खांदा ढिला सोड. वढू नको, आधी चाचपून घे.”

छकुलीने डोळे मिटले.

“मोटर लागली. तिच्या म्होरं बारकी चकरी हाय. मागं-पुढं सरकती.”

“मंग ती अंगठ्यानं रेटून धर. पट्टा बोटांनी आण. जल्दी करू नको, बाई.”

सुगंधाबाईंचा हात लेकीच्या पाठीवर होता. आत काहीतरी खट्ट वाजलं. छकुलीने दुसऱ्या हाताने ड्रम ढकलला. तो फिरला, पट्टा जागेवर राहिला.

तिने लुगडं सोडलं, पत्रा बसवला, स्क्रू आवळले, चादरींचा पहिला घाणा आत टाकला आणि बटण दाबलं. शेडचे पत्रेसुद्धा थरथरायला लागले.

सुग्रीवने कप खाली ठेवला. “आठ दिसांत परत तुटंल. मंग करा फोन, सकाळी केल्ता तसा.”

छकुली गर्रकन वळली. “मी केल्ता फोन?”

“मी केल्ता,” सुगंधाबाई म्हणाल्या. त्या जावयाकडे तोंड करून उभ्या होत्या. “वाटलं, लेक अडलीय, आता तरी नांदायला जाईल. तुमी हात उचलल्याचं मला म्हाईत नव्हतं.”

“मामी, जावई हाय मी तुमचा.”

“म्हणून तर चहा दिला. आता निघा. टेम्पो रिकामाच न्या.”

तो छकुलीकडे बघत थोडा थांबला. ती मशीनची काच पुसत होती. मग टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि रस्त्याने लांब गेला.

छकुलीला आईचा राग आला, अगदी मनापासून आला, आणि त्याच क्षणी तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

“मला न ईचारता काहून केला फोन?”

“चुकले,” सुगंधाबाई म्हणाल्या आणि ढिगातली एक ओली चादर उचलली. “धर ते टोक. पीळ काढू.”

“हात काळे हायेत.”

सुगंधाबाईंनी पदर पुढे केला. “याला पूस.”