पाठकोरा कागद

"एक गेलंय सरकारात. उरलेली तेवीस पत्रं तरी जाऊ देऊ नकोस, कल्पना. वाहत्या पाण्यात सोड. आणि वाचायची नाहीत हं."

ठकूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. कल्पनाने देवापुढच्या समईकडे बघून "हो आई" म्हटलं. समईसमोर दिलेला होकार तिच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. 'एक गेलंय सरकारात' म्हणजे काय, हे मात्र तिला उमगलं नाही, आणि विचारायला सासूबाई उरल्या नाहीत.

त्याला वर्ष होत आलं. कल्पना दोनदा आईंनी सासऱ्यांना लिहिलेल्या त्या पत्रांचं पुडकं घेऊन दिल्लीतल्या यमुनेवर गेली, आणि पाण्यावरचा रसायनांचा पांढरा फेस पाहून दोन्ही वेळा परत आली. त्यात आईंची पत्रं सोडायला हात धजेना. पुडकं देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात तसंच राहिलं.

अशात क्षिप्रा नावाच्या मुलीचा फोन आला. जुनी सरकारी दप्तरं जपणाऱ्या अभिलेखागारात ती कामाला होती. कल्पनाचे सासरे काकासाहेब यांनी एकोणीसशे अठ्ठावन्न साली वाती वळायच्या हातयंत्राचं पेटंट घेतलं होतं, त्याची फाइल तिला सापडली होती. घरात त्या वेळची पत्रं असतील तर फाइलसोबत जपून ठेवता येतील, असं तिचं म्हणणं.

कल्पनाच्या नवऱ्याला, हरीशरावांना आनंद मावेना. "बाबांचं नाव कायमचं राहील गं. तेव्हा ते इथे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटे, आई कऱ्हाडला. सगळी हकिगत त्या पत्रांतच असणार."

गुरुग्रामहून रविवारी जेवायला आलेल्या साकेतने वडिलांची बाजू उचलली. "आई, यार, लोक असले कागद शोधत फिरतात आणि तू नदीत सोडणार? हो म्हटलंस तेव्हा आत काय आहे हे तुला माहीत तरी होतं का?"

"माहीत असतं तर ते वचन कसलं? सौदा झाला असता," कल्पना म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

"विषय बदलायला पोळी. बिल्कुल आजीवर गेलीयेस तू."

"सुनेने सासूवर जावं, आणखी काय हवं?"

तोंडाने ती हसली, पण जीव टांगणीला लागला. वचन पाळावं तर एका घराची आठवण पाण्यात जाणार. मोडावं तर आईंना तोंड कसं दाखवायचं? आधी ती फाइल तरी बघू, असं तिने ठरवलं. मंगळवारचा उपास होता. रोजचा पोथीचा अध्याय वाचून, दूध पिऊन ती निघाली.

क्षिप्राने फाइल अलगद उघडली. वरच यंत्राची आकृती होती. दांडी, फिरवायची मूठ आणि दांडीच्या टोकाला छोटीशी आडवी खाच, बाणाने दाखवलेली.

"काकू, याच्या मागे पण लिहिलंय. मी दिल्लीतच वाढले, माझं मराठी बोलण्यापुरतं. लक्षवात म्हणजे काय?"

"एक लाख वाती स्वतःच्या हाताने वळायच्या आणि देवाला वाहायच्या. व्रत असतं."

"एक लाख? सचमुच?"

"सासूबाईंनी केलं होतं. दोन वर्षं लागली त्यांना."

क्षिप्राने कागद उलटला. ठकूबाईंचं ठसठशीत अक्षर कल्पनाने लगेच ओळखलं. न वाचण्याचं वचन तेविसांचं होतं, हे तर चोविसावं. तरीही तिने आधी हात जोडले, मग चष्मा लावला.

'सा. न. वि. वि. तुमचे यंत्र पोचले. दांडी गुळगुळीत आहे, कापूस घसरतो. टोकाला आडवी खाच द्या, म्हणजे धरील. बायकांस फार उपयोगी पडेल. माझ्या लक्षवातीस मात्र मी ते लावणार नाही, त्या हातानेच. एक सांगू? हजार वाती झाल्या की, सासूबाई देवळात गेलेल्या असताना दार लावते आणि तुमचे नाव एकदा मोठ्याने घेते. सगळे म्हणतात ते काकासाहेब नव्हे, खरे. आजवर एकोणीसदा घेतले. कुणास सांगू नका.'

मजकुरावर जांभळा सरकारी शिक्का होता. समासात कुणा बाबूने शिसपेन्सिलीने शेरा मारला होता, की याचा अर्जाशी संबंध नाही.

कल्पनाला आधी हसू फुटलं आणि मग डोळे भरून आले. काकासाहेबांना पाठकोरा कागद दिसला की राहवायचं नाही. दिनदर्शिकेची पानं, विजेच्या बिलाची पाकिटं उसवून केलेले चौकोन, सगळ्यांवर ते हिशेबापासून अभंगापर्यंत काहीही लिहीत. बायकोने खाच सुचवली, तशी त्यांनी त्याच पत्राच्या कोऱ्या पाठीवर आकृती काढली आणि उत्साहाच्या भरात तीच अर्जाला जोडून दिली. बायको म्हणते कुणास सांगू नका, आणि हे भारत सरकारलाच सांगून बसले. जन्मभर आई त्यांना म्हणायच्या, "तुमच्या हाती कागद द्यायची सोय नाही." त्याचं मूळ हे.

"तुमच्याकडच्या पत्रांतही असं असेल ना, काकू? म्हणजे खाच आजींची होती हे सिद्ध होईल."

"ते इथेच लिहिलंय की, तारखेसकट. तुझ्या यादीत त्यांचं नाव घालता येईल?"

"येईल. आजच घालते. पण बाकीची पत्रं?"

"हे एक चुकून बाहेर आलं, बाळा. बाकीची त्यांनी दार लावून लिहिलेली. ते दार उघडणारी मी कोण?"

क्षिप्राने कागद पुन्हा उलटून ठेवला. "मला वाईट वाटेल. खरं सांगते."

"मलाही वाटेल," कल्पना म्हणाली, आणि ते खरंच होतं.

घरी तिने सगळं सांगितलं तेव्हा हरीशराव आधी खो खो हसले, मग चष्मा पुसत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एकदा वाचून मग सोडली तर? मी मुलगा आहे त्यांचा."

"अहो."

"बरं," ते म्हणाले. "पण त्या फेसात नको."

"नाही. गढमुक्तेश्वरला जाईन. तिथे गंगा चांगली वाहती आहे."

गुरुवारी पहाटे तिची पूजा झाली, अध्याय झाला. पुडक्याला साकेतने घातलेली प्लास्टिकची पिशवी तिने काढून ठेवली आणि पत्रं आईंच्या सुती रुमालात बांधली. हरीशराव दारापर्यंत आले. त्यांनी रुमालावर क्षणभर हात ठेवला आणि ते बाजूला झाले. घराजवळच्या सेक्टर बाराच्या स्टेशनवर वैशालीकडे जाणारी मेट्रो लागली होती. आनंद विहारला उतरून पुढची बस धरायची होती. खिडकीजवळ जागा मिळाली. तिने पुडकं मांडीवर घेतलं, त्यावर पदर घातला आणि ओठांतल्या ओठांत नामस्मरण सुरू केलं.