गोरखभाऊंची प्रकृती खालावते

डोंगरातल्या वाडीचा भागू तालुक्याच्या कचेरीसमोर उपोषणाला बसला, कारण वाडीत टाकी बांधून झाली होती आणि तिच्यात पाणी काही येत नव्हतं. सोबत बायको लंकाबाई आणि एक सतरंजी. त्याची बातमी कुणी छापली नाही. मग निरगुडसरचे गोरखभाऊ त्याला पाठिंबा म्हणून स्वतःच उपोषणाला बसले. त्यांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. त्यांच्याबरोबर मांडव आला, गादी आली, लोड आले, आणि भागूची सतरंजी कडेला चपलांजवळ सरकली.

दुसऱ्याच दिवशी भाऊंनी जुन्नरच्या मोहसीनला बोलावून घेतलं. मोहसीन एका दैनिकाला बातम्या पाठवायचा.

"भाऊंची तब्येत बिघडली, असं टाकतो," तो म्हणाला.

"बिघडायला मी काय मोटर हाय का राव? दूध बिघडतं, पोरगं बिघडतं. पुढाऱ्याची प्रकृती खालावते. खालावली म्हणलं की वरचे लोक धावत येत्यात."

"पण भाऊ, सकाळी डॉक्टरांनी तपासलं तर तुमचं वजन वाढलंय."

"लिंबूपाण्यानं फुगलो असंन."

मोहसीनने 'खालावली' असं पाठवलं. दुपारपर्यंत कार्यकर्त्यांनी मोबाइलवर त्याचं चिंताजनक केलं, मग अत्यवस्थ. लोणीहून भाऊंची बहीण रडत आली. पाठोपाठ भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली. त्याच गडबडीत भागू उठायला गेला आणि चपलांवरच कोसळला. कुणाचं लक्ष नव्हतं. स्ट्रेचर भाऊंकडे चाललं होतं, आणि भाऊंनी डोळे मिटून घेतले होते.

लंकाबाई रुग्णवाहिकेच्या दारात आडवी उभी राहिली. "ह्यांना घ्या आदी. गादीवरचे पावणं आत्ताच पंख्याचा वारा वाढवा म्हणत व्हतं."

डॉक्टरांनी भागूची नाडी पाहिली आणि त्याला आत घेतलं. भाऊ स्ट्रेचरवरून स्वतःच उतरले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. फोटोवाले त्या बाजूला होते.

भागूला सलाइन लागलं. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. मोहसीनने संध्याकाळी खरी बातमी लिहिली: भागू यांची प्रकृती खालावली. दैनिकाच्या कार्यालयातून फोन आला, "हा भागू कोण? 'खालावली' भाऊंनाच राहू दे."

सकाळी छापून आलं, 'गोरखभाऊंची प्रकृती खालावली. अन्य एकाचीही तब्येत बिघडली.' वरून एक साहेब आले, त्यांनी भाऊंना मोसंबीचा रस पाजला आणि उपोषण यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. टाकी कोरडीच होती.

मोहसीन दवाखान्यात गेला तेव्हा लंकाबाईने बातमी वाचायला लावली.

"अन्य एक म्हंजी कोण?"

मोहसीनने खाटेवरच्या भागूकडे बोट केलं. ती रागावली नाही. तिने भागूच्या पायावर पांघरूण ओढलं.

"तिथला मांडव काढला का?"

"काढला."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "आता मला बसाया जागा व्हईल."